फॉर्मच्या शेवटचे दोन प्रश्न

आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, पिशवीत एक फॉर्म असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी तो भरायचा. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, दम लागतो का, तोंडातली जखम लवकर भरत नाही असं होतं का, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर. एवढं सगळं विचारून होतं, समोरचा माणूस उठायच्या बेतात येतो, आणि मग शेवटी दोन वेगळ्याच जातीचे प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, हताश वाटलं, असं किती दिवस? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली, तर त्या माणसाला उपकेंद्रातल्या सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवायचं.

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातला हा फॉर्म. त्यातली माहिती मोबाइल किंवा टॅबवरच्या ॲपमध्ये जाते. म्हणजे शुगर-बीपीच्या रुग्णाचं नैराश्य मोबाइलच्या मदतीनं हेरायचं, ही कल्पना वाटते तेवढी परदेशी नाही. ॲप आपल्या दारात येऊन बसलं आहे. अडतं ते त्याच्या पुढे. बेरीज चार आली, मग?

हा प्रश्न बोरगाव मेघेत उभं राहून विचारण्यात एक सोय आहे. वर्धा शहराला खेटून असलेलं हे गाव. सिंदी मेघे, पिपरी मेघे, सावंगी मेघे ही त्याची नावभावंडं. २०११ च्या जनगणनेत बोरगावची नोंद ‘जनगणना नगर’ अशी आहे, म्हणजे वस्ती शहरासारखी, पण नगरपालिका नाही. ‘डॉक्टर लांब आहे’ ही ग्रामीण महाराष्ट्राची नेहमीची तक्रार इथे चालत नाही. एकीकडे सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दुसरीकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, आणि वर्ध्यातलं जिल्हा सामान्य रुग्णालय तर हाकेच्या अंतरावर. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभी केली. एका लहानशा शहराच्या दोन बाजूंना दोन वैद्यकीय महाविद्यालयं, हे भाग्य मुंबई-पुण्याबाहेर फार कमी ठिकाणांच्या वाट्याला आलं आहे.

आणि तरीही शुगरचा रुग्ण ओपीडीत जातो, उपाशीपोटीचं आणि जेवणानंतरचं रक्त देतो, आकडा वाढलेला निघतो, गोळी बदलते, तो घरी येतो. आकडा का वाढला याचं उत्तर कधीकधी पोटात नसतं. तो माणूस महिनाभर नीट झोपलेला नसतो. सकाळचं फिरणं सुटलेलं असतं. गोळी घ्यायची की नाही, याचंच त्याला काही वाटेनासं झालेलं असतं. हे केसपेपरवर येत नाही, कारण त्यासाठी तिथे रकाना नाही. आणि रकाना असता तरी समोर शंभर माणसांची रांग असलेल्या डॉक्टरला तो भरायला वेळ कुठून आणायचा?

मधुमेह आणि नैराश्य यांची जोडी जुनी आहे. मधुमेह असलेल्या माणसांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं. रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे. रोजचं पथ्य, सुया, खर्च, पाय गमावण्याची किंवा दृष्टी जाण्याची धास्ती यांनी मन खचतं. खचलेल्या मनात ताणाची संप्रेरकं चढी राहतात आणि रक्तातली साखर वर ढकलतात. त्याहून मोठा हात रोजच्या वागण्याचा. नैराश्यात असलेला रुग्ण औषध, पथ्य, तपासणी यांत चुकण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते, असा निष्कर्ष बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी करून २००० मध्ये मांडला गेला. जे मधुमेहाचं, तेच थोड्याफार फरकानं हृदयरोगाचं, लकव्याचं, डायलिसिसचं, क्षयाचं.

वर्ध्याकडे या यादीत आणखी एक नाव घालावं लागतं, सिकलसेल. विदर्भात तो घरोघरी ठाऊक असलेला, रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ही मोहीम प्रामुख्यानं रक्त तपासते, कार्ड देते, लग्नाआधी सल्ला देते. पण ज्याला हा आजार आधीच आहे, त्या विशी-बाविशीतल्या पोराचं काय? वेदनेचा झटका कधी येईल याचा नेम नाही, वर्गातली हजेरी तुटते, लग्नाचा विषय निघाला की घरात शांतता पसरते. त्याच्या मनाची विचारपूस करणारा फॉर्म तर तिशीनंतर लागू होतो.

आता भाषेचं. ‘मले नैराश्य आलं’ असं वर्ध्याकडे कुणी म्हणत नाही. ‘कशातच मन लागत नाही’, ‘अंगात जीवच नाही राह्यला’, ‘डोक्सं जड पडते’, ‘जेवन गोड लागत नाही’. टेन्शन हा शब्द मात्र सगळ्यांनी आपला केला आहे, आणि त्यात कर्जापासून सुनेपर्यंत सगळं मावतं. जगभर नैराश्य मोजायला जी नऊ प्रश्नांची मोजपट्टी वापरतात तिचं नाव पीएचक्यू-९, आणि फॉर्मच्या शेवटचे दोन प्रश्न हे तिचेच पहिले दोन. पूर्ण पट्टीचे गुण शून्य ते सत्तावीस. झोप, थकवा, भूक, हालचालींचा मंदपणा हे सगळं ती विचारते. पण दीर्घ आजाराच्या माणसाला थकवा असतोच. रात्री चारदा लघवीला उठणाऱ्याची झोप मोडणारच. त्यामुळे गुण चढले म्हणजे नैराश्यच, असं नाही. आणि ‘अंगच दुखते’ म्हणून गुण कमी पडले म्हणजे मन ठणठणीत, असंही नाही. यंत्र बेरीज बरोबर करतं. ती कशाची आहे, हे मात्र विचारणाऱ्याला ओळखावं लागतं.

दीर्घ आजारातलं नैराश्य ॲपनं हाताळण्याचा सर्वांत नेमका प्रयोग आपल्याकडचा नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलोचा आणि पेरूमधल्या लिमाचा आहे. मधुमेह किंवा रक्तदाब, आणि त्याच्या जोडीला नैराश्य, असे रुग्ण निवडले: साओ पावलोत ८८०, लिमात ४३२. ॲपचं नाव कोनेमो. सहा आठवडे, अठरा छोटे धडे. निकाल २०२१ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आले. तीन महिन्यांनंतर, ज्यांचं नैराश्य मोजपट्टीवर निम्म्यानं तरी उतरलं असे रुग्ण साओ पावलोत ॲपच्या गटात ४०.७ टक्के होते आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २८.६ टक्के. लिमात हेच आकडे ५२.७ आणि ३४.१.

फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण दोन गोष्टी सोडून हे आकडे सांगणं म्हणजे अर्धवट सांगणं. पहिली, हे ॲप रुग्णाच्या हातात देऊन सोडून दिलेलं नव्हतं. साओ पावलोत परिचारिकांच्या मदतनीस आणि लिमात परिचारिका पाठीशी होत्या. रुग्ण धडे करतो की नाही यावर त्यांची नजर असे, आणि तो मागे पडला तर त्या फोन करत. दुसरी गोष्ट कमी आनंदाची. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा दोन्ही शहरांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक उरला नव्हता. सहा आठवड्यांच्या आधारानं उतार लवकर पडला, पण ही आघाडी पुढे टिकली नाही.

त्या अठरा धड्यांत होतं तरी काय? मनाचे गूढ उलगडे वगैरे काही नाही. माणूस म्हणतो, मन लागलं की काम करीन. ही पद्धत म्हणते, काम केलं की मन लागेल. पूर्वी आवडणारी, जमणारी एखादी बारीक गोष्ट निवडायची, तिचा दिवस आणि वेळ ठरवायची, करायची, कसं वाटलं ते टिपायचं. पारावर जाऊन बसणं, बहिणीला फोन, अंगणातल्या जास्वंदीला पाणी. ऐकायला पोरखेळ वाटतो. नैराश्यातल्या माणसाला मात्र तोच डोंगर असतो, म्हणून डोंगराचे गोटे करून द्यायचे.

हेच तंत्र ॲपशिवाय, नुसत्या माणसांकरवी, आपल्या शेजारी गोव्यात तपासलं गेलं आहे. डॉ. विक्रम पटेल हे ‘संगाथ’ या गोव्यातल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. संस्था १९९६ पासूनची. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर या संस्थेनं हा अभ्यास केला. समुपदेशक मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले नव्हते. साधी, स्थानिक, रुग्णांच्याच भाषा बोलणारी माणसं होती. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या पट्ट्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. पुढे याच पद्धतीचं प्रशिक्षण मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशांना स्मार्टफोनवरून देण्याचा उपक्रम निघाला. इथे फोनची जागा बदलली, हे ध्यानात घ्यायला हवं. फोन रुग्णाला बरं करायला निघालेला नाही. तो आशेला शिकवतो आहे. सगळ्या प्रयोगांत मोबाइलचा हा उपयोग सर्वांत कमी मिरवला जातो आणि बहुधा सर्वांत जास्त कामाचा आहे.

मधुमेह आणि नैराश्य एकत्र हाताळण्याचा मोठा भारतीय अभ्यासही आहे. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार दवाखान्यांत ४०४ रुग्ण. निकाल २०२० चे. त्यात संगणकीय नोंदप्रणाली डॉक्टरला पुढची पायरी सुचवत होती, पण रुग्णाशी बोलणारा, त्याला बोलावून घेणारा एक समन्वयक होता, आणि तज्ज्ञ ठरावीक काळानं अवघड रुग्णांचा आढावा घेत. दोन वर्षांनंतर नैराश्य निम्म्यानं उतरलं, आणि शिवाय साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक ताब्यात येण्याकडे सरकलं, असे रुग्ण ७१.६ टक्के. नेहमीच्या उपचारांत ५७.४. मन आणि शरीर यांची सांगड एकाच टेबलावर घातली की काय होतं, ते इथे दिसलं. कोनेमोत सहा महिन्यांत पुसला गेलेला फरक इथे दोन वर्षं टिकला; कारण बहुधा हे, की इथला माणूस सहा आठवड्यांनी निघून गेला नव्हता.

महाराष्ट्रातलं सर्वांत जवळचं उदाहरण वर्ध्याच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं, अमरावतीतल्या ३० गावांचं. ‘विश्राम’ हा तो प्रकल्प. गावातलेच कार्यकर्ते, गावातलेच समुपदेशक, ठरावीक काळानं येणारा मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे होते ४.३ टक्के, दीड वर्षानंतरच्या पाहणीत २७.२ टक्के. ॲप नव्हतं. शेतकरी आत्महत्यांनी गाजलेल्या भागात ‘मन लागत नाही’ हे दवाखान्यात जाऊन सांगण्यासारखं कारण आहे, एवढं लोकांना पटलं. देशपातळीवर हा पल्ला किती लांब आहे, ते २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून कळतं. नैराश्य असलेल्या शंभरांतल्या पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. (त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही जाता जाता.)

मग प्ले स्टोअरवर मनःस्वास्थ्याची जी शेकडो ॲप्स रंगीबेरंगी ढग आणि पेंग्विन घेऊन उभी आहेत, त्यांचं काय? त्यांची अडचण गुणवत्तेच्याही आधी सुरू होते. अशा ९३ ॲप्सच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲप उतरवून घेतलेल्यांपैकी महिनाभरानंतर ते उघडणारे किती? मध्यक ३.३ टक्के. शंभरांतले तीन. नैराश्याचं पहिलं लक्षणच उत्साह आटणं, आणि या ॲपची पहिली अट रोज उत्साहानं उघडणं. विहिरीत पडलेल्याला दोर काठावर ठेवून ‘वर या, मग घ्या’ म्हणण्यातला हा प्रकार.

परदेशात काही ठिकाणी यावर सरकारी तोडगा निघाला आहे. जर्मनीत काही ॲप्स डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात आणि आरोग्य विमा त्याचे पैसे भरतो. अमेरिकेत २०२४ मध्ये औषधाच्या जोडीनं वापरायच्या नैराश्याच्या एका ॲपला औषध प्रशासनानं हिरवा कंदील दिला. दुसऱ्या बाजूला, तिथल्याच बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ग्राहकांची मनाच्या आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे त्याच वर्षी वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला.

पण बोरगावच्या घरात माहिती फुटायला फेसबुक लागत नाही. फोन एकच असतो. तो मुलाच्या हातात असतो, त्याचं लॉक मुलाला ठाऊक असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या ३३ टक्के. गोळ्यांचं पाकीट उशाखाली दडवता येतं. ‘आज तुमचा मूड कसा आहे?’ असं विचारणारी सूचना जेवणाच्या वेळी स्क्रीनवर झळकली, तर ती सगळं घर वाचतं. शिवाय ‘मूड’! मराठीत भाषांतर केलेल्या ॲप्समध्ये बहुतेक वेळा मराठी लिपी असते, मराठी माणूस नसतो.

आवाज मात्र चालतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, चोवीस तास, मराठीसह वीस भाषा. २०२५ पर्यंत वीस लाखांहून जास्त फोन तिच्याकडे आले. १० ऑक्टोबर २०२४ ला तिचं ॲपही आलं. साधा बटणांचा फोन असलेल्यालाही ती वापरता येते, आणि हा तिचा ॲपहून मोठा गुण. जीव नकोसा झाल्याचा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर त्यानं ॲपचे धडे करत बसू नये. हा क्रमांक लावावा किंवा घरच्यांनी त्याला थेट रुग्णालयात न्यावं. पीएचक्यूचा नववा प्रश्न नेमका याच विचाराबद्दल आहे, आणि त्याचं ‘हो’ हे उत्तर ऐकायला माणूसच समोर हवा.

वर्धा जिल्ह्यात तो माणूस नवा शोधावा लागत नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५-१६ च्या सुमारास राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात वर्धा आहे. आशांनी घरोघरी जायचं, ताणाखालची माणसं हेरायची, १०४ या हेल्पलाइनशी आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार पथकाशी जोडून द्यायची. मनाबद्दल विचारायची सवय इथल्या आशांना आहे. विचारलेलं लोकांना खपतं, कारण तीच बाई पोलिओचे डोस देऊन गेलेली असते, तिनंच सुनेला बाळंतपणाला नेलेलं असतं.

फक्त या बाईच्या मोबाइलवर किती ॲप्स चढवायची, याला काही सुमार? राज्यात आशांची संख्या सत्तर हजारांच्या घरात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या. मोबदल्याची मागणी होतीच. ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीही होती. दिवसभर पायपीट, संध्याकाळी नेटवर्क शोधत नोंदी. उद्या कोनेमोसारखं एखादं ॲप मराठीत, वऱ्हाडी बोलीतल्या आवाजासह, आलं आणि तेही ‘आशाताई बघून घेतील’ म्हणून त्यांच्याच फोनवर टाकलं, तर त्या अठरा धड्यांचं काय होईल हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. ॲपनं आशेचं काम कमी केलं पाहिजे. कुणाची बेरीज तीनच्या वर, कोण पंधरा दिवस गोळ्या न्यायला आलं नाही, आज कुणाला फोन करायचा, अशी तीन-चार नावांची यादी सकाळी दाखवणारं ॲप तिला हवंसं वाटेल. रुग्णाच्या फोनवर काही टाकायचंच असेल, तर पहिला मान सिकलसेलच्या तरुणांचा. फोन त्यांचा स्वतःचा असतो, वाचता येतं, आणि वेदनेच्या रात्री तेच जागे असतात.

अशा गोष्टींचा खर्च कोण उचलणार, या प्रश्नाला सेवाग्रामनं एकदा फार देखणं उत्तर दिलं होतं. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारानं तिथे आरोग्य विम्याची योजना चालली, आणि गावकरी वर्गणी भरत ती ज्वारीच्या रूपात. सुगीत ज्वारी द्यायची, वर्षभर आजारपणात रुग्णालयाचा आधार. पैसा नसलेल्या घरातही योजना ‘आपली’ झाली, कारण तिच्यात आपल्या खळ्यातलं धान्य पडलं होतं.

सरकारचा हिशेब अर्थातच ज्वारीत होत नाही, रुपयांत होतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोबदल्याच्या तक्त्यात शेवटच्या दोन प्रश्नांसह अख्खा फॉर्म भरण्याचे आशेला माणशी दहा रुपये ठरवलेले आहेत. रुग्ण उपचारांना लागला की नाही, ते टिकले की नाही, याचा पाठपुरावा करण्याचे सहा महिन्यांना पन्नास रुपये. ही दुसरी रक्कम कुठल्या रुग्णांसाठी, तेही तिथेच लिहिलं आहे: रक्तदाब, मधुमेह, आणि तीन प्रकारचे कर्करोग. त्या ओळीत नैराश्य नाही.